ओएस सगळ्यात शेवटी निवडा: चाळीस साइटच्या एका व्हीपीएसबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात राहून वेबसाइट करून देणाऱ्या एका तरुणाकडे आता चाळीसेक ग्राहक झालेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलवाले, गणवेश शिवणारे, दोन-तीन शाळा, एक पतसंस्था, पंढरपूरचं एक भक्तनिवास. आजवर सगळं रीसेलर होस्टिंगवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडून घाऊक घेतलेल्या जागेवर होतं, आता मुंबईच्या डेटा सेंटरमधला स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्यानं मिळणारा स्वतंत्र भाग घ्यायचाय. मित्र म्हणतो लिनक्सचा उबंटू हा प्रकार घे. जुना सहकारी म्हणतो सेंटओएस ७ हा लिनक्सचाच जुना प्रकार घाल, माझं अजून चालतंय. एका कारखानदाराची अट आहे की त्याची टॅलीही त्याच सर्व्हरवर चालली पाहिजे. तर ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) कोणती घ्यावी?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. सीपॅनेलसारखं पॅनेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर, विकत घेणार असाल तर अल्मालिनक्स ९ घ्या. पॅनेल नको असेल किंवा फुकटातल्यावर भागणार असेल, तर डेबियन. दोन्ही लिनक्सचेच प्रकार. टॅली या मशीनवर अजिबात टाकू नका, तिच्यासाठी विंडोजचं वेगळं मशीन घ्या. आणि सेंटओएस ७ कुणी कितीही आग्रह केला तरी नको.

बहुतेक जण आधी ओएस ठरवतात आणि मग बाकीचं तिच्यावर बसवायला जातात. यात उलटं चालावं लागतं. ग्राहकाच्या साइटला काय लागतं ते आधी बघा: वर्डप्रेस आहे, लाराव्हेल आहे, की कुणीतरी दहा वर्षांपूर्वी एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रात लिहून दिलेलं सॉफ्टवेअर आहे. मग ते सांभाळायला पॅनेल लागतं का, आणि ते पॅनेल कुठल्या ओएसवर चालतं. त्या ओएसला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळणार आणि कोण देणार. शेवटचा प्रश्न असा की रात्री अकराला साइट बंद पडली तर तुम्हाला स्वतःला त्यातलं किती कळतं. या वाटेनं गेलात की यादीत एक-दोनच नावं उरतात.

वेगाची चर्चा यातून वगळा. अल्मा, डेबियन, उबंटू सगळ्यांत कर्नल लिनक्सचाच आहे. वर्डप्रेस रांगतं ते डिस्क मंद असल्यामुळे, वर्डप्रेस ज्या भाषेत आहे त्या पीएचपीचा ऑपकॅश (तयार कोड मेमरीत ठेवणारी सोय) बंद असल्यामुळे, डेटाबेसला मेमरी कमी पडल्यामुळे किंवा पाच एमबीचे फोटो तसेच चढवल्यामुळे. सोलापुरातल्या मोबाइलवर अमेरिकेतला सर्व्हर आणि मुंबईतला सर्व्हर यांतला फरक जाणवतो. उबंटू आणि अल्मातला फरक ग्राहकाला कधीच जाणवणार नाही.

माझ्या लेखी सगळ्यात वजनदार मुद्दा आयुष्याचा आहे, म्हणजे दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत येणार. याचा धडा सगळ्यांना एकदमच मिळाला. सेंटओएस म्हणजे रेड हॅट या कंपनीच्या विकत मिळणाऱ्या लिनक्सचीच फुकट आवृत्ती. वर्षानुवर्षं होस्टिंगचा धंदा तिच्यावर उभा होता. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असं सगळे धरून चालले होते. ८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटनं जाहीर केलं की ती २०२१ च्या अखेरीस बंद. म्हणजे ज्यांनी शहाणपणानं नवी आवृत्ती घेतली होती त्यांच्या हातात एक वर्ष उरलं, आणि जुन्या ७ वर थांबलेल्यांना मात्र ३० जून २०२४ पर्यंतची मुदत होती. ती मुदतही आता संपली. तुमच्या सहकाऱ्याचं मशीन चालतंय हे खरंच आहे. मुदत संपली म्हणून मशीन बंद पडत नाही. फक्त एखादी नवी फट सापडली की ती बुजवणारं कुणी उरत नाही. त्यावर जुनं पीएचपी ७.४ असेल तर त्याचीही मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली आहे. अशा मशीनवर चाळीस लोकांची रोजीरोटी ठेवू नये.

त्या घोषणेनंतर दोन वारस पुढे आले. अल्मालिनक्स मार्च २०२१ मध्ये आली, मागे क्लाउडलिनक्स ही होस्टिंगच्या क्षेत्रातलीच कंपनी. रॉकी लिनक्स त्याच वर्षी जूनमध्ये आली, सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कुर्टझर यांच्या पुढाकारानं. जून २०२३ मध्ये रेड हॅटनं आपला सोर्स कोड सगळ्यांना सहज मिळण्याची वाटही आवळली. तेव्हा अल्मानं ठरवलं की हुबेहूब नक्कल करायची नाही, रेड हॅटवर चालणारं सॉफ्टवेअर आपल्यावरही चालेल एवढी सुसंगतता ठेवायची. रॉकीनं मात्र हुबेहूब राहण्याचं धोरण सोडलं नाही. होस्टिंगला दोन्ही चालतात. मी अल्माकडे झुकतो, कारण पॅनेलवाल्यांशी तिचं जवळचं नातं आहे आणि एका मोठ्या आवृत्तीतून दुसरीत जाण्यासाठी एलिव्हेट नावाचं साधन तिच्याच प्रकल्पातून मिळतं. अल्मा ९ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०३२ पर्यंत आहेत. अल्मा १० ही आली आहे, पण तुमचं पॅनेल आणि प्लगिन तिच्यावर नीट चालतात असं पॅनेलवाल्यानं लेखी म्हटल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

‘नवीन म्हणजे चांगलं’ हा हिशोब सर्व्हरला लागू होत नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण सांगतो, कारण यात सगळं समजतं. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी. कुणीतरी बराच काळ तिच्या प्रकल्पात विश्वास मिळवून तिच्यात चोरदरवाजा बसवला, असा की एसएसएचमधून, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीतून, थेट सर्व्हरमध्ये शिरता यावं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर शाखेवर काम करताना दिसलं की एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्याच्या मागे लागला आणि २९ मार्चला गोष्ट उघड झाली. तोवर ती बाधित आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांत आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या विकासाच्या आवृत्तीत शिरली होती. डेबियनची स्थिर आवृत्ती, उबंटूची एलटीएस (दीर्घ मुदतीची आवृत्ती), रेड हॅटचं कुटुंब, यांपर्यंत ती पोचलीच नाही, कारण तिथे नवं पॅकेज लगेच घेत नाहीत. म्हणून फेडोरा, आर्च, उबंटूच्या मधल्या नऊ महिन्यांच्या आवृत्त्या या लॅपटॉपवर खुशाल वापरा, ग्राहकांच्या साइटखाली नको.

याचीच दुसरी बाजू तुम्हाला पतसंस्थेच्या ऑडिटमध्ये भेटेल. ऑडिटवाला स्कॅनर चालवतो आणि लाल अक्षरांत अहवाल देतो: तुमचं ओपनएसएसएच ८.७ आहे, जुनं आहे, असुरक्षित आहे. घाबरून बाहेरून नवं कंपाइल करायला जाऊ नका. अल्मा आणि डेबियन दोन्हीकडे आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवून सुरक्षेची दुरुस्ती तेवढी मागे आणून बसवतात. क्रमांक जुना दिसतो, आतली फट बुजलेली असते. त्या पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) काढा, अहवालातला सीव्हीई क्रमांक, म्हणजे त्या फटीचा नोंदणी क्रमांक, त्यात शोधा आणि ती ओळ उत्तरात जोडा. जाणता ऑडिटर तेवढ्यावर समाधानी होतो. हातानं कंपाइल केलेलं पॅकेज मात्र पुढे कुठल्याच अपडेटमध्ये येत नाही, आणि तीच खरी फट ठरते.

आता पॅनेल. सीपॅनेल डेबियनवर चालत नाही. अल्मा, रॉकी, क्लाउडलिनक्स आणि उबंटूच्या काही एलटीएस आवृत्त्यांवर चालतं. २०१९ पासून त्याचे दर खात्यांच्या संख्येवर आहेत, तेव्हा चाळीस खात्यांचा महिन्याचा खर्च आधी काढा आणि ग्राहकांच्या वार्षिक फीशी ताडून बघा. हे गणित न करता पॅनेल घेतलेल्यांना दुसऱ्या वर्षी दर वाढवताना ग्राहकांची तोंडं बघावी लागतात. डायरेक्टअॅडमिन हे पॅनेल अल्मा आणि डेबियन दोन्हीकडे चालतं. हेस्टिया फुकट आहे, पण फक्त डेबियन आणि उबंटूवर. सीपॅनेल घेणार असाल तर ४ जीबीपेक्षा कमी रॅमचं मशीन घेऊच नका.

ओएस कुठलीही असो, चाळीस साइट एका मशीनवर ठेवताना त्या एकमेकींपासून तोडून ठेवणं हे ओएसच्या नावापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. घाईत केलेल्या डेबियन-उबंटूच्या सर्व्हरवर मी वारंवार एकच चित्र बघतो: सगळ्या साइटचं पीएचपी एकाच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरखाली चालतंय. शाळेच्या साइटवरचं जुनं गॅलरी प्लगिन फुटलं की आत आलेला माणूस त्याच युजरच्या अधिकारानं शेजारच्या टॉवेलवाल्याची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल उघडतो, डेटाबेसचा पासवर्ड वाचतो आणि पुढच्या साइटकडे जातो. एक फुटली म्हणजे चाळीसही फुटल्या. उपाय अवघड नाही. प्रत्येक साइटला वेगळा युजर आणि पीएचपी-एफपीएमचा वेगळा पूल, म्हणजे पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसचा वेगळा गट. चांगली पॅनेलं हे आपोआप करतात, पॅनेल नसेल तर हातानं करायचं, पण करायचंच. क्लाउडलिनक्समध्ये याच्याही पुढची सोय आहे: प्रत्येक खात्याला सीपीयू आणि मेमरीची मर्यादा, आणि एका खात्याला दुसरं दिसतच नाही असा पिंजरा. पैसे पडतात, पण आषाढीच्या तोंडावर भक्तनिवासाच्या साइटवर गर्दी उसळली तरी बाकीच्या एकोणचाळीस साइट जाग्यावर राहतात. ग्राहक वाढत गेले तर पहिला जास्तीचा खर्च मी इथे करेन.

उबंटूबद्दल थोडंच. ती वाईट नाही, एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं सरळ दुरुस्त्या मिळतात, २४.०४ ला २०२९ पर्यंत. शिकायला सामग्री भरपूर. लाराव्हेल, नोड, डॉकर असं काम जास्त असेल तर मी तीच सुचवेन. साध्या वर्डप्रेस होस्टिंगला मात्र मला डेबियन जास्त आवडते. तिच्यात कमी हालचाल असते, मागे कंपनी नसून स्वयंसेवकांचा समूह आहे, त्यामुळे एका सकाळी धोरण बदललं असं होण्याची भीती कमी. १९९३ पासून ती चालत आली आहे. एका आवृत्तीला साधारण तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं लांबवलेली मदत मिळते. आणि एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत त्याच मशीनवर जाता येतं, एकेक पायरी चढत. एकट्या माणसाला याचं मोल फार आहे, कारण दर पाच वर्षांनी चाळीस साइट उचलून नव्या मशीनवर नेणं ही रात्रभराची हमाली असते.

टॅलीची अट. कारखानदाराला ‘होत नाही’ एवढंच सांगितलं तर तो दुसऱ्याकडे जाईल, म्हणून कारण सांगा. टॅली विंडोजवर चालते. ती लिनक्सच्या सर्व्हरवर बसत नाही, आणि तिच्यासाठी सगळ्या वेबसाइट विंडोजवर नेणं म्हणजे उगाच खर्च. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं. भाड्याच्या मशीनवर होस्टिंगवाला ते महिन्याच्या भाड्यात लावतो. मुळात मिळणारे दोन दूरप्रवेश फक्त सर्व्हर सांभाळण्यासाठी असतात, हिशोबाच्या रोजच्या कामाला माणसं आत येणार असतील तर रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स लागतात. हे आधीच स्पष्ट करा, नाहीतर मुनीमजी, मालक आणि सीए एकदम आत आले की तिसऱ्याला दार बंद.

आणि यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट: रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. दिवसरात्र पासवर्ड अजमावणारे प्रोग्रॅम तिथे घिरट्या घालत असतात, आणि खंडणीखोर व्हायरस लहान व्यापाऱ्यांच्या हिशोबापर्यंत पोचायची ही नेहमीची वाट आहे. व्हीपीएन या खासगी, कुलूपबंद जोडणीमागे ठेवा आणि टॅलीचा बॅकअप त्या मशीनबाहेर रोज काढा. मालकाला सांगा की वेबसाइट फुटली तर दोन तासांत परत उभी करता येते. सहा वर्षांचा हिशोब गेला तर तो कुणीच आणून देत नाही. तो हिशोब चाळीस अनोळखी वर्डप्रेसच्या शेजारी ठेवायचा नाही, हे त्याच्याच हिताचं आहे.

विंडोज आणखी एका बाबतीत लागते. जुनं एएसपी डॉट नेट, म्हणजे डॉट नेट फ्रेमवर्कवरचं, लिनक्सवर चालणार नाही. २०१६ नंतरच्या डॉट नेट कोअरवरचं असेल तर लिनक्सवर चालतं. शाळेचं फीचं सॉफ्टवेअर हलवण्याआधी ते यातलं कुठलं आहे हे बनवणाऱ्याला विचारा.

विंडोज होस्टिंगवरून लिनक्सवर येताना जे हटकून अडतं ते फार साधं असतं. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सारखंच, लिनक्सला वेगळं. गणवेशाच्या साइटवर पानात ‘blue.jpg’ असं सगळ्या लहान अक्षरांत लिहिलंय आणि फोटोच्या फाइलचं नाव ‘blue.JPG’ असं आहे, तर तुमच्या लॅपटॉपवर फोटो दिसेल, सर्व्हरवर दिसणार नाही. अर्धं दुकान रिकामं दिसतं आणि दोष सर्व्हरवर येतो. हलवण्याआधी सगळी नावं लहान अक्षरांत करून घ्या आणि डेटाबेसमधले उल्लेखही बदला.

आपल्या ग्राहकांची दुसरी अडचण मराठीची. भक्तनिवासाची पावती किंवा शाळेचा दाखला सर्व्हरवरच पीडीएफ करून देता, तुमच्याकडे छान दिसतो, नव्या सर्व्हरवर सगळीकडे चौकोन. कारण सर्व्हरच्या किमान इन्स्टॉलमध्ये देवनागरीचा फाँटच नसतो. डेबियन असो वा अल्मा, लोहित किंवा नोटोचा देवनागरी फाँट पॅकेजमधून घालावा लागतो. तो घातल्यावरही ‘श्री विठ्ठल’ मधली जोडाक्षरं तुटली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर दोष ओएसचा नाही. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला अक्षरं जुळवता येत नाहीत. एमपीडीएफ या लायब्ररीत ती सोय चालू करता येते, किंवा क्रोम पडद्याआड चालवून त्याच्याकडून पीडीएफ काढून घेता येतं. जुन्या डेटाबेसची टेबलं लॅटिन-१ या अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत असतील तर ती सगळ्या लिपी सामावणाऱ्या यूटीएफ८एमबी४ मध्ये आणण्याआधी एका प्रतीवर करून बघा. थेट बदललीत आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली, तर ती नावं बॅकअपशिवाय परत येत नाहीत.

पॅनेलशिवाय अल्मा वापरलीत तर एसई-लिनक्सशी, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमनं कशाला हात लावायचा हे ठरवणाऱ्या जादा सुरक्षाव्यवस्थेशी, गाठ पडेल. फाइलचे अधिकार बरोबर, मालक बरोबर, तरी साइट ४०३ (प्रवेश नाही) दाखवते. अशा वेळी शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो एसई-लिनक्सच बंद करून टाकण्याचा. तसं करू नका. बहुतेक वेळा फाइल होम फोल्डरमधून सरकवून आणल्यामुळे तिच्यावरचं जुनं लेबल तसंच राहिलेलं असतं, ते रिस्टोअरकॉन या कमांडनं दुरुस्त होतं. वर्डप्रेसला बाहेरच्या सर्व्हरशी बोलायचं असेल तर त्याचं वेगळं बटण आहे. सीपॅनेल घेतलंत तर मात्र एसई-लिनक्स बंदच ठेवावं लागतं. ही त्या पॅनेलची अट आहे.

एक नियम नव्यानं धंदा करणाऱ्यांना सहसा माहीत नसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस भारतातच जपून ठेवायचे आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. डेबियन किंवा अल्माची मूळ मांडणी वेब सर्व्हरचे लॉग एवढे दिवस ठेवत नाही. डेबियनवर अपाचे या वेब सर्व्हरचे लॉग साधारण चौदा दिवसांत पुसले जातात, अल्मावर चार आठवड्यांत. पहिल्याच दिवशी लॉगरोटेट या जुने लॉग पुसणाऱ्या साधनाची फाइल उघडून मुदत वाढवा आणि रोजची प्रत देशातल्याच दुसऱ्या जागी पाठवा. तसं केलं की साइट फुटल्यावर माणूस केव्हा आणि कुठून शिरला हेही कळतं. चौदा दिवसांचे लॉग असतील तर ते कधीच कळत नाही, कारण शिरकाव महिन्याभरापूर्वी झालेला असतो.

स्वयंचलित सुरक्षा अपडेट दोन्हीकडे चालू करा: डेबियनवर अनअटेंडेड-अपग्रेड्स, अल्मावर डीएनएफ-ऑटोमॅटिक. फक्त कर्नल बदलला की मशीन रीबूट करावं लागतं, ते आपोआप होऊ देऊ नका. महिन्यातली एक रात्र ठरवून ग्राहकांना आधी कळवून करा.

हलवायची वेळ गावाच्या पंचांगानुसार ठरवा. गणवेशवाल्यांना मे-जूनमध्ये हात लावायचा नाही, भक्तनिवासाला आषाढी-कार्तिकीच्या आगेमागे नाही, चादरवाल्यांना दिवाळीआधी नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकली की फेब्रुवारी मोकळा असतो. सुरुवात ज्याचं नुकसान सगळ्यात कमी होईल अशा एका साइटनं करा, ती आठवडाभर चालू द्या, मग बाकीच्या पाच-पाचच्या गटानं. हलवण्याच्या दोन दिवस आधी डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. आणि जुना रीसेलर प्लॅन निदान महिनाभर बंद करू नका. साइट नव्या जागी दिसायला लागली तरी कुणाच्या तरी जुन्या सेटिंगमुळे ऑर्डरचे मेल जुन्याच मेलबॉक्समध्ये पडत राहतात, ते रोज उघडून बघा आणि ज्याचे त्याला पाठवून द्या.